हाडं सापडतात, पण ओळख पटवायला वारस लागतो : डीएनएने सुटलेली इतिहासातली कोडी

भीमाकाठची

आमच्या सोलापुरातल्या वाचन गटात गेल्या रविवारी इतिहासातल्या कोड्यांवर गप्पा रंगल्या होत्या. शेवटी एक जण म्हणाले, "आता काय, डीएनए काढला की झालं!" मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जाईना. डीएनएने कोडी सुटलीत हे खरं. पण प्रत्येक वेळी हाडाइतकंच महत्त्वाचं ठरलं ते हे, की ते जुळवायचं कुणाशी? जिवंत वारस हवा, त्याच्यापर्यंत येणारी खात्रीची वंशावळ हवी, नाहीतर कुठेतरी जपलेला केस, दात, काहीतरी हवं. ते नसेल तर प्रयोगशाळेतून आलेली अक्षरांची रांग कुणाचंच नाव सांगत नाही. सगळ्यांनी भर घालावी म्हणून हा धागा काढते आहे.

सुरुवात रशियाच्या झारपासून करते, कारण वारस शोधण्याची सगळी दमछाक या एका प्रकरणात दिसते.

१९१८ साली १६ आणि १७ जुलैच्या मधल्या रात्री येकातेरिनबुर्गमधल्या इपातिएव्ह यांच्या घराच्या तळघरात झार दुसरा निकोलस, झारिना अलेक्झांड्रा, त्यांच्या चार मुली, मुलगा अलेक्सेई आणि सोबतची चार माणसं अशा अकरा जणांना गोळ्या घातल्या. प्रेतं गुपचूप पुरली. अलेक्झांडर अवदोनिन आणि गेली र्‍याबोव्ह यांना ती जागा १९७९ साली सापडली, पण सोव्हिएत काळात बोलायची सोय नव्हती. रीतसर उत्खनन १९९१ मध्ये झालं. निघाले नऊच सांगाडे.

आता थोडं जीवशास्त्र. डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली आनुवंशिक माहितीची लांब रांग. आपल्या पेशीत तो दोन ठिकाणी असतो. केंद्रकातला निम्मा आईकडून, निम्मा वडिलांकडून येतो आणि दर पिढीला त्याची सरमिसळ होते. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे छोटे भाग, त्यांतला मात्र फक्त आईकडून येतो, जवळजवळ जसाच्या तसा. मुलग्यालाही मिळतो, पण तो पुढे देऊ शकत नाही, मुलगीच देते. शिवाय एकेका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात, म्हणून जुन्या हाडात केंद्रकातलं काही उरलं नसलं तरी हा मिळण्याची आशा असते.

झारिनाच्या हाडांसाठी आईच्या बाजूचा नातेवाईक मिळाला तो थेट इंग्लंडच्या राजवाड्यात. राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप हे अलेक्झांड्राच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचा मुलगा. त्यांनी रक्त दिलं आणि झारिनाशी व तिच्या मुलींशी ते जुळलं. ब्रिटनचे पीटर गिल आणि रशियाचे पावेल इव्हानोव्ह यांच्या गटाने हे १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं.

झारच्या बाबतीत गोची झाली. त्याच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएमध्ये एका ठिकाणी दोन वेगवेगळी अक्षरं एकत्र दिसत होती, आणि आईच्या बाजूच्या जिवंत नातेवाइकांत तिथे एकच अक्षर होतं. मग हा झार कसा, असं लोक विचारू लागले. तेव्हा झारचा धाकटा भाऊ गिओर्गी, जो १८९९ मध्ये क्षयाने वारला होता, त्याची सेंट पीटर्सबर्गमधली कबर उघडली. त्याच्या हाडातही नेमक्या त्याच जागी तीच दोन अक्षरं! ज्यावरून शंका घेतली तोच सगळ्यात पक्का पुरावा ठरला. मी हे वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

राहिली दोन मुलं. २००७ मध्ये पहिल्या खड्ड्यापासून साधारण सत्तर मीटरवर जळलेल्या हाडांचे ४४ तुकडे मिळाले. २००९ मध्ये निष्कर्ष आला की ते अलेक्सेई आणि त्याच्या एका बहिणीचे आहेत. अलेक्सेईला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार होता हे जगाला माहीत होतं. नेमका कोणत्या प्रकारचा, हेही त्याच हाडांतून कळलं : हिमोफिलिया बी.

म्हणजे अनास्तासिया निसटली ही कहाणी संपली. अॅना अँडरसन ही बाई जन्मभर 'मीच अनास्तासिया' म्हणत राहिली, जर्मन न्यायालयांत दावा अनेक वर्षं चालला. १९८४ मध्ये ती गेली, दहन झालं. पण अमेरिकेत तिचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि रुग्णालयाने काढलेल्या उतीचा तुकडा ठेवला होता. तो रोमानोव्ह घराण्याशी जुळला नाही. जुळला तो फ्रान्झिस्का शान्झकोव्स्का या बेपत्ता कामगार मुलीच्या बहिणीच्या नातवाशी. या बिचाऱ्या फ्रान्झिस्काबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. तिच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल कुणी फारसं विचारलंच नाही.

जुनी_गिरणी

लई भारी लिहिलंय बाई. एक शंका. रशियात बर्फ, तिकडे हाडं टिकणारच की. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, काळी माती भेगाळते, पावसात पुन्हा चिखल. आमच्या शेतात बैल पुरला तर काही वर्षांत हाड हातात भुगा होऊन येतं. इथं डीएनए उरतंय का काही?

भीमाकाठची

काका, अगदी नेमकी शंका. डीएनए मेल्यावर तुटत जातो, आणि उष्णता व ओलावा त्याचा वेग वाढवतात. न्यूझीलंडमध्ये मोआ नावाच्या नामशेष पक्ष्याच्या १५८ हाडांवर काम झालं. २०१२ च्या त्या अभ्यासात निघालं की मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे ठराविक लांबीचे निम्मे तुकडे तुटायला तिथे ५२१ वर्षं लागतात. पण हे सरासरी १३ अंश तापमानाला. आपल्या सोलापूरची वर्षाची सरासरी त्याच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे इथे नाश किती लवकर होईल बघा.

राखीगढीचं उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या गटाने हडप्पाकालीन दफनभूमीतून नमुने काढले. ६१ नमुने तपासले, त्यातून अभ्यास करण्याजोगा डीएनए मिळाला एकाच स्त्रीचा. तोही कानाच्या आतल्या भागाभोवतीच्या हाडातून. हे शरीरातलं सर्वांत घट्ट हाड, पेट्रस म्हणतात, म्हणून उष्ण प्रदेशात सगळी भिस्त त्याच्यावर आणि दातांवर असते.

वाचक_विजापूररोड

राखीगढीचा विषय निघालाच आहे तर आर्य बाहेरून आले का, यावर बोलूया का?

संपादक मंडळ

त्यासाठी स्वतंत्र धागा आहे, कृपया तिकडे लिहावे. इथे नावानिशी ओळख पटवण्याच्या प्रकरणांवर चर्चा राहू द्या.

हैदराबाद_लाइन

मूळचा सोलापूरचा, भवानी पेठेतला. सध्या हैदराबादेत एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. प्राचीन डीएनए हा माझा विभाग नाही, पण विषय जवळचा, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या माणसांना रोमानोव्ह माहीत असतात, पण गोव्यातली राणी केतेवान माहीत नसते. जॉर्जियातल्या काखेती राज्याची ही राणी. इराणच्या शाह अब्बासने तिला वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं, धर्म बदलायला सांगितलं. ती बधली नाही. १६२४ मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारलं. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन पंथाच्या पोर्तुगीज धर्मगुरूंनी तिचे अवशेष मिळवले आणि काही भाग गोव्याला आणला. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये तो ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदांत होती, अगदी कोणत्या खिडकीपाशी इथपर्यंत. पुढे ते चर्च पडलं. आज फक्त मनोऱ्याचा उभा तुकडा दिसतो, गोव्याला गेलेल्या सगळ्यांनी तो पाहिला असेल.

जॉर्जियाचे लोक कित्येक वर्षं शोध घेत होते. शेवटी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला ढिगाऱ्यात हाताचं हाड मिळालं. आता ते राणीचंच कशावरून? चर्चच्या जमिनीत माणसं पुष्कळ पुरलेली. इथे बाईंचा मुद्दा लागू होतो, पण उलट्या बाजूने. जुळवायला राणीचा थेट वारस हाताशी नव्हता. मग हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये, म्हणजे पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्रावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत, कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी काय केलं? हाडातून मायटोकॉन्ड्रियल डीएनए काढला आणि तो कोणत्या मातृवंशगटात बसतो ते पाहिलं. निघाला यू१बी. भारतातल्या हजारो लोकांच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या, त्यांत हा गट नाही. जॉर्जियात आहे. म्हणजे गोव्याच्या मातीत अशा स्त्रीरेषेचं हाड, जी रेषा इथली नाही आणि तिकडची आहे, शिवाय कागदात लिहिलेल्या ठिकाणीच. संशोधकांनी शब्द जपून वापरला : हे हाड राणीचं असण्याची दाट शक्यता आहे. मला त्यांचा हा संयम फार आवडतो. २०२१ च्या जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी ते अवशेष तिबिलिसीला नेऊन सुपूर्द केले. तिथे ती संत मानली जाते, लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि सीसीएमबी म्हटलं की लालजी सिंग यांचं नाव घ्यायलाच हवं. भारतातल्या डीएनए फिंगरप्रिंटिंगचे ते जनक. त्यांनी वापरलेला 'बीकेएम' हा शोधक, म्हणजे जुळणारा डीएनए हुडकणारा तुकडा, पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएवरून आला. सापाच्या लिंगनिश्चितीचा अभ्यास करणारा माणूस पुढे देशातल्या न्यायालयांना माणसं ओळखायचं साधन देतो, हा प्रवास शाळेच्या पुस्तकात यायला हवा.

पार्कचौक_सायंकाळ

तिसरा रिचर्ड! कोणी लिहायच्या आधी मी लिहितो, कारण मी लेस्टरला शिकायला होतो आणि ती जागा पाहिली आहे.

१४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत हा इंग्लंडचा राजा मारला गेला. प्रेत लेस्टरच्या ग्रेफ्रायर्स मठात घाईघाईने पुरलं, मग मठ पाडला गेला, कबरीचा पत्ता हरवला. फिलिपा लँग्ली या बाईंनी पाठपुरावा केला आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये नगर परिषदेच्या वाहनतळावर विद्यापीठाने खणायला घेतलं. सांगाडा मिळाला. पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला, कवटीवर शस्त्रांचे घाव. लढाईत पडला तेव्हा रिचर्ड बत्तिसाचा होता, हाडांचं वय त्याला जुळत होतं.

पण राजाचा वंश तर बुडालेला. मग त्याची बहीण अॅन, तिची मुलगी, तिची मुलगी, असं खाली खाली येत सतरा पिढ्यांनी मायकेल इब्सेन हे गृहस्थ सापडले. कॅनडात जन्मलेले, लंडनमध्ये सुतारकाम करणारे. त्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए सांगाड्याशी पूर्ण जुळला. दुसऱ्या एका शाखेतून वेंडी डल्डिग मिळाल्या, त्यांच्यात फक्त एका अक्षराचा फरक. आणि २०१५ मध्ये राजाला पुन्हा पुरलं ती शवपेटी इब्सेन यांनी स्वतःच्या हातांनी बनवली.

आता याची दुसरी बाजू. वडिलांकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्रही तपासलं. त्यासाठी ब्यूफोर्टच्या पाचव्या ड्यूकचे आजचे पाच पुरुष वंशज घेतले. कागदोपत्री हे सगळे तिसऱ्या एडवर्डचे, म्हणजे रिचर्डच्याच कुळातले. एकाचंही सांगाड्याशी जुळलं नाही! शिवाय पाचातला एक उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. म्हणजे मधल्या पिढ्यांत कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळा होता. तरीही ट्युरी किंग यांच्या गटाने २०१४ मध्ये वय, घाव, कणा, रेडिओकार्बन, मातृरेषा असा सगळा पुरावा एकत्र मोजून ९९.९९९ टक्के खात्री दिली.

१९८४ मध्ये अॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं ते याच लेस्टर विद्यापीठात, हेही नोंदवून ठेवतो.

अक्कलकोटकर

वरचा प्रतिसाद वाचून मला आमचे हेळवी आठवले. तरुण मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. अक्कलकोट, इंडी, आळंद या आमच्या सगळ्या सीमाभागात सुगी झाली की हेळवी यायचे. बैल, गळ्यात घंटा, आणि सोबत वही. ओट्यावर बसून आमच्या घराण्याचं मूळ गाव, कोण कुठून उठून इथे आला, त्याला मुलं किती, सगळं घडाघडा वाचायचे. नवं मूल झालं असेल तर नोंद करून घ्यायचे, धान्य-कपडा घेऊन पुढच्या गावाला. आता काही जण गाडीवरून येतात, पण वही तीच.

माझ्या आजोबांच्या आजोबांचं नाव मला त्या वहीमुळे कळलं. बाई म्हणतात तो खात्रीच्या वंशावळीचा धागा आपल्याकडे होता. फक्त आम्ही त्याकडे भिक्षा मागणारे म्हणून पाहिलं, याचं वाईट वाटतं.

भीमाकाठची

अक्कलकोटकर, तुम्ही मोठी गोष्ट पुढे आणलीत. पण या धाग्यातली प्रकरणं पुन्हा बघा : प्रिन्स फिलिप, फ्रान्झिस्काच्या बहिणीचा नातू, मायकेल इब्सेन. ओळख पटली ती प्रत्येक वेळी बायकांच्या रेषेतून. वाय गुणसूत्राची पुरुषरेषा रिचर्डच्या वेळी तुटली. आई कोण याबद्दल शंका क्वचित असते, आणि जुन्या हाडात टिकतोही तिचाच डीएनए.

आणि आपल्याकडे नेमकी तीच रेषा लिहिलेली नाही. हेळव्याच्या वहीत मुलगे असतात, तीर्थोपाध्यायाच्या चोपडीतही वडिलांकडचं कुळ. लेक सासरी गेली की आडनाव बदललं, कित्येक घरांत नावसुद्धा बदललं. श्राद्धात आईच्या आईचं नाव घेतात, पण तिच्या आईचं नाव येत नाही, तिथून पुन्हा पुरुषाकडे वळतात. म्हणजे उद्या एखाद्या मराठी इतिहासपुरुषाचा दात कुठे मिळालाच, तर त्याच्या आईची सरळ रेषा आजपर्यंत आणून दाखवणं आपल्याला फार जड जाईल.

वकील_सातरस्ता

मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली, तोंडी परंपरेबद्दल. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन आणि त्यांच्या घरातली गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज यांना मुलं झाली, असं हेमिंग्जच्या वंशात पिढ्यानपिढ्या सांगत होते. मोठमोठे इतिहासकार ते उडवून लावत. जेफरसनला औरस मुलाकडून चालत आलेला वंश नव्हता, म्हणून १९९८ मध्ये त्याच्या चुलत्याच्या, फील्ड जेफरसनच्या, पुरुषवंशजांचं वाय गुणसूत्र घेतलं. सॅलीचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी ते जुळलं. पण आपण जेफरसनचेच असं सांगणाऱ्या वुडसन घराण्याशी जुळलं नाही. तोंडी परंपरा एकीकडे खरी ठरली, दुसरीकडे नाही. आणि वाय गुणसूत्र त्या कुळातला पुरुष एवढंच सांगतं, थॉमस की त्याचा भाऊ हे सांगत नाही. तो निर्णय सॅलीच्या गरोदरपणाच्या वेळी थॉमस घरी होता का, या कागदी नोंदींवर झाला.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. चाचणीने घरातली नाती उलटीपालटी होऊ शकतात. ब्यूफोर्ट प्रकरणात पाचातला एक वेगळा निघाला, त्या माणसाला घरी काय वाटलं असेल? आपल्याकडे तर जमिनीचे वाद, मानपान, सगळं कुळाला चिकटलेलं. जिवंत माणसाचा नमुना घेताना त्याला हे आधी स्पष्ट सांगितलं पाहिजे आणि त्याने नाही म्हटलं तर विषय तिथे संपला पाहिजे.

मंगळवेढा_ज्वारी

मला अजनाळ्याचं वाचायला आवडेल. कोणाला नीट माहिती आहे का?

हैदराबाद_लाइन

आहे. पंजाबात अमृतसरजवळच्या अजनाळ्यात २०१४ मध्ये एका जुन्या विहिरीतून ढीगभर मानवी अवशेष काढले. विहिरीवर गुरुद्वारा उभा होता. काही म्हणत हे फाळणीच्या दंगलीतले, काही म्हणत १८५७ मधले. अमृतसरचा त्या वेळचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं की लाहोरजवळच्या मियां मीर छावणीतून उठलेल्या २६ व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या २८२ शिपायांना इथे मारून विहिरीत टाकलं.

पंजाब विद्यापीठाचे जे. एस. सेहरावत, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे नीरज राय, सीसीएमबीचे थंगराज अशांनी मिळून काम केलं. ५० नमुन्यांचा डीएनए आणि ८५ नमुन्यांचे समस्थानिक तपासले. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाची रूपं, त्यांवरून लहानपणी माणूस कोणत्या भागातलं पाणी प्यायला, काय खाल्लं याचा अंदाज बांधता येतो. २०२२ च्या निष्कर्षानुसार ही माणसं पंजाबची नव्हती, गंगेच्या खोऱ्यातली, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश, बिहार, बंगालकडची होती. बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीत भरती तिथलीच. कूपरचा कागद आणि दात एकच गोष्ट सांगू लागले.

पण एकाही शिपायाचं नाव आपल्याला कळलेलं नाही. कुठल्या तरी गावात या २८२ जणांची घरं असतील, तिथे आजही 'आमचा एक पूर्वज फौजेत गेला तो परतला नाही' असं सांगत असतील. त्या घरांपर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं.

जुनी_गिरणी

नेताजींचं काय मग? आमच्या पिढीला ते एक कळलं तर बरं होईल.

भीमाकाठची

काका, जपानमधल्या रेन्कोजी मंदिरात ठेवलेले अवशेष नेताजींचे मानले जातात. त्यांच्या कन्या अनिता बोस-फाफ यांनी डीएनए चाचणी व्हावी अशी मागणी जाहीरपणे केली आहे. अडचण दहनाची आहे. जास्त तापलेल्या हाडात डीएनए सहसा उरत नाही, पूर्ण न जळलेला एखादा तुकडा असेल तरच आशा. आणि त्यातूनही फक्त मायटोकॉन्ड्रियल डीएनए मिळाला तर मुलीच्या नमुन्याचा उपयोग नाही, कारण तिला तो तिच्या आईकडून आला, वडिलांकडून नाही. मग नेताजींच्या आईची, प्रभावतीदेवींची, रेषा लागेल : नेताजींच्या बहिणी, त्यांच्या लेकी, नाती. केंद्रकातला मिळाला तर अनिताताईंचा नमुना सर्वांत मोलाचा. चाचणी व्हावी असं माझंही मत आहे, त्यांनी मागितली आहे हे पुरेसं कारण आहे.

जुनी_गिरणी

समजलं. आभार बाई.

रूपाली_बार्शी

एक गोड उदाहरण माझ्याकडून. कोपर्निकस १५४३ मध्ये वारला. पोलंडमधल्या फ्रोमबोर्क कॅथेड्रलच्या फरशीखाली २००५ मध्ये एक कवटी मिळाली, पण वारस कोण? त्याच्या वापरातलं एक पंचांगासारखं पुस्तक स्वीडनमध्ये उप्साला इथे आहे, त्याच्या पानांत केस सापडले. त्यातल्या दोन केसांचा डीएनए कवटीच्या दाताशी जुळला. पुस्तक वाचता वाचता गळलेला केस साडेचारशे वर्षांनी कामी आला!

आणि फ्रान्सचा छोटा राजपुत्र, सोळाव्या लुईचा मुलगा. १७९५ मध्ये तुरुंगात दहा वर्षांचा असताना गेला. नंतर 'मीच तो' म्हणणारे किती तरी उगवले. शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टर पेल्तां यांनी त्याचं हृदय काढून ठेवलं होतं. २००० मध्ये त्याचा डीएनए आई मारी आंत्वानेत आणि मावश्यांच्या केसांशी जुळला. चार वर्षांनी ते सेंट डेनिसच्या चर्चमध्ये आईवडिलांजवळ ठेवलं.

पुरावा_आधी

सगळे कौतुक करताहेत म्हणून दुसरी बाजू लिहितो. लंडनमध्ये बायकांचे खून करून कधीच न सापडलेल्या जॅक द रिपरचं कोडं एका शालीवरून सुटलं असं दर काही वर्षांनी छापून येतं. ती शाल त्यातल्या एका खुनाच्या जागेवरची होती याचाच भरवसा नाही, कित्येकांचे हात तिला लागलेत. वर, मायटोकॉन्ड्रियल डीएनए जुळला म्हणजे तोच माणूस असं होत नाही, त्या रेषेतली हजारो माणसं असू शकतात. जो दुर्मीळ बदल म्हणून २०१४ मध्ये गाजवला तो प्रत्यक्षात बहुतेक युरोपियनांत आढळणारा निघाला. कोलंबसचं मूळ २०२४ मध्ये स्पेनच्या दूरचित्रवाणीवर जाहीर झालं, शोधनिबंध आधी नाही आणि आकडेवारीही नाही. बाकीच्या शास्त्रज्ञांनी नापसंती दाखवली ती रास्तच.

बेथोव्हेनचंही बघा. त्याच्या म्हणून जपलेल्या केसांच्या आठ बटा २०२३ मध्ये तपासल्या, खात्रीच्या पाच निघाल्या. सर्वांत गाजलेली, जिच्यातल्या शिशावरून त्याला विषबाधा झाली असं सांगायचे, ती बट एका स्त्रीची होती. खऱ्या केसांतून यकृताच्या आजाराचा आनुवंशिक धोका आणि हेपटायटिस बीचा संसर्ग दिसला. म्हणजे डीएनएने आधी स्वतःचाच पुरावा खरा आहे का ते तपासलं. हे मला खरं शास्त्र वाटतं. हिमालयातल्या रूपकुंड तळ्याकाठी मिळालेल्या सांगाड्यांचंही असंच, तपासलेल्या ३८ सांगाड्यांपैकी १४ जण पूर्व भूमध्य समुद्राकडचे आणि तेही साधारण १८०० च्या सुमाराचे निघाले. एकाच गारपिटीत सगळे मेले ही ऐकीव कथा तिथेच कोसळली, आणि ते लोक हिमालयात कशाला आले हा नवा प्रश्न उभा राहिला.

भीमाकाठची

पुरावा_आधी, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. रिचर्डच्या वेळी मातृरेषा जुळली यापेक्षा ती रेषा युरोपात दुर्मीळ होती, हे जास्त महत्त्वाचं होतं. भारतात मायटोकॉन्ड्रियाचा एम गट खूप पसरलेला आहे, त्यामुळे आपल्याकडे नुसतं 'जुळलं' ऐकून कुणी हुरळून जाऊ नये. किती लोकांशी जुळतं, हे आधी विचारावं.

एक विनंती सगळ्यांना. घरी आई, आजी, मावशी असेल तर सरळ आईच्या रेषेतली नावं लिहून काढा : नाव, माहेरचं नाव व आडनाव, माहेरचं गाव. लग्नात नाव बदललं असेल तर दोन्ही. हेळवी घरी आले तर त्यांच्या वहीत लेकींची नावंही घालायला सांगा. अक्कलकोटकर, तुमच्या भागातले हेळवी हे मान्य करतील का?

अक्कलकोटकर

विचारायला हरकत नाही. सुगीनंतर येतात, तेव्हा मी स्वतः बसून विचारतो. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांतल्या लेकी मी आजच कागदावर काढल्या, दोघींची माहेरची नावं भावकीत कुणालाच आठवेनात. कलबुर्गीला एक आत्या आहेत, नव्वदीच्या. त्यांच्याकडे जाऊन येतो.

रूपाली_बार्शी

मी सुरुवात केली बाई. मी बार्शीत. आई माहेरची वैरागची. आजीचं माहेर परंडा, लग्नाआधीचं नाव कोंडाबाई, सासरी आल्यावर सरस्वती. पणजीचं माहेर तुळजापूरकडचं एक खेडं, नाव आईला माहीत नाही. थोरल्या मावशीला माहीत असेल, ती आत्ता शेतात आहे. संध्याकाळी फोन करते आणि इथेच लिहिते.